संगीतिका-गायकांची छायाचित्रे, एकोणिसाव्या शतकातील

यूरोप व अमेरिका येथील संगीतिका-गायकांची, मुख्यत्वे छायाचित्रकारांच्या स्टुडिओंत घेतलेली आणि कागदी प्रतींच्या रूपाने सर्वसामान्यांना विकली गेलेली व्यक्तिचित्रे. ज्या नाट्यप्रकारात संवादही बहुतांशी गाऊनच सादर केले जातात, त्या संगीतिकेत म्हणजे ऑपेरात गायकाचा कंठ हेच त्याचे मुख्य साधन असते. या कंठाचा ध्वनी टिकवून धरण्याचे व्यवहार्य साधन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उपलब्ध नव्हते. चेहरा व वेशभूषा यांची प्रतिमा टिपणे मात्र १८३९ पासून शक्य झाले होते. परिणामी आवाजावर उभी राहिलेली कीर्ती आवाज नसलेल्या माध्यमातून दूरवर पोहोचली. ज्यांनी गायिकेला कधीही ऐकले नव्हते, अशा असंख्य लोकांच्या घरी तिचे चित्र होते. या विसंगतीमुळे ही छायाचित्रे संगीताच्या इतिहासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आधुनिक प्रसिद्धीच्या इतिहासाची साधने ठरतात.

पूर्वपीठिका : पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा मिळे, तिच्यावरून दुसरी प्रत काढता येत नसे. त्यामुळे प्रारंभीच्या काळात गायकांचे छायाचित्र घेतले गेले, तरी लोकांपर्यंत पोहोचत ती त्यावरून केलेली कोरीव चित्रे व शिळामुद्रिते. जेनी लिंड (१८२०–८७) या स्वीडिश गायिकेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८४७ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर तिचे पदार्पण झाले; १८४८ मध्ये विल्यम एडवर्ड किलबर्न याने तिचे दागेरोटाइप घेतले. १८४९ मध्ये तिने संगीतिकांतून निवृत्ती पतकरली आणि त्यानंतर ती केवळ जलशांतून गात राहिली. १८५० मध्ये पी. टी. बार्नम या अमेरिकन खेळप्रवर्तकाने तिला दर जलशास १,००० डॉलर या दराने करारबद्ध केले, तेव्हा त्याने स्वतः तिचे गाणे ऐकलेले नव्हते. ती १ सप्टेंबर १८५० रोजी न्यूयॉर्कला पोहोचली, त्यापूर्वीच तिची चित्रे, चरित्रे आणि तिच्या दानशूरपणाच्या कथा सर्वत्र पसरल्या होत्या. पहिल्या जलशाच्या तिकिटांचा लिलाव झाला आणि पहिले तिकीट एका टोपीविक्रेत्याने २२५ डॉलरला घेतले. या खरेदीने त्याच्या दुकानाची जाहिरात झाली ती वेगळीच. मॅथ्यू ब्रेडी याच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओत लिंडचे दागेरोटाइप त्याच वर्षी घेण्यात आले. हातमोजे, टोप्या, आसने अशा नाना वस्तूंना तिचे नाव देण्यात आले. कीर्ती आधी आणि कलेचा प्रत्यय नंतर, हा उलटा क्रम येथे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसून येतो. छायाचित्राच्या स्वस्त प्रती उपलब्ध होण्यापूर्वीच त्यांची मागणी अशा रीतीने तयार झाली होती.

तंत्र व प्रसार : फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली आर्द्र कलोडियन पद्धती आणि त्याच सुमारास प्रचारात आलेला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद यांमुळे काचेवरील एका व्यस्त प्रतिमेपासून (निगेटिव्ह) हव्या तितक्या रेखीव प्रती काढणे शक्य झाले. आंद्रे आदोल्फ-यूजेन दिस्देरी (१८१९–८९) याने २७ नोव्हेंबर १८५४ रोजी पॅरिसमध्ये ‘कार्त द व्हिजित’ या आकाराचे एकस्व घेतले. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ लहान प्रतिमा घ्यावयाच्या, त्यांची एकत्र प्रत काढावयाची आणि ती कापून भेटपत्रिकेच्या आकाराच्या, म्हणजे सु. ६ × १० सेंमी.च्या, पुठ्ठ्यांवर चिकटवावयाची, अशी ही युक्ती होती. मोठ्या आकाराच्या एका छायाचित्रास जेथे ५० ते १०० फ्रँक पडत, तेथे बारा लहान छायाचित्रे सु. २० फ्रँकमध्ये मिळू लागली. इंग्लंडमध्ये जॉन मेयॉल याने ऑगस्ट १८६० मध्ये राणी व्हिक्टोरिया व तिचे कुटुंबीय यांचा छायाचित्रसंच प्रसिद्ध केल्यावर या प्रकाराला राजमान्यता मिळाली आणि तो संग्रहण्याचे वेड मध्यमवर्गात पसरले. १८६६ च्या सुमारास सु. ११ × १६·५ सेंमी. आकाराचे कॅबिनेट कार्ड प्रचारात आले. त्यात चेहरा व वेशभूषा यांचे तपशील अधिक स्पष्ट दिसत असल्याने रंगभूमीवरील कलावंतांसाठी ते विशेष लोकप्रिय ठरले.

या कार्डांसाठी खास खाचा असलेले, चामड्याच्या बांधणीचे संग्रह (आल्बम) बैठकीच्या खोलीत ठेवण्याची प्रथा पडली. त्यांत घरातील आप्तांच्या चित्रांशेजारी राजघराण्यातील व्यक्ती, सेनापती, धर्मगुरू आणि गायिका यांची चित्रे लावली जात. आकार, पुठ्ठा व किंमत या सर्वांचीच सारखी. ज्या समाजात रंगभूमीवरील स्त्रीकडे काहीशा संशयाने पाहिले जाई, तेथे तिचे चित्र घरातील वडीलधाऱ्यांच्या पंक्तीला येऊन बसले, ही सामाजिक दृष्ट्या लहान घटना नव्हे. तथापि या समानतेचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावयास हवा. गायिका आता माहितीतली, जवळची, जणू परिचयातली वाटू लागली. परिचयाची ही भावना एकतर्फी होती आणि दुकानातून विकत मिळत होती.

प्रमुख छायाचित्रकार व त्यांच्या शैली : दिस्देरीच्या चित्रांत व्यक्ती साधारणतः पूर्णाकृती असते. रंगविलेला पडदा, कठडा, स्तंभ, गालिचा अशा ठरावीक सामग्रीत ती उभी असते. चेहरा लहान आणि पोशाख ठळक, असे हे प्रमाण आहे. त्यामुळे भूमिकेतील गायक आणि स्टुडिओत आलेला बँकमालक यांच्या चित्रांत वेशाखेरीज फारसा फरक राहत नाही. नादार (गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ, १८२०–१९१०) याची दृष्टी याच्या अगदी विरुद्ध होती. साधी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा प्रकाश व चेहऱ्यावर एकवटलेले लक्ष या साधनांनी त्याने १८५० नंतरच्या दशकात व्यक्तीचा स्वभाव टिपण्याचा प्रयत्न केला. संगीतिकाकार रोस्सीनी याचे त्याने १८५६ मध्ये घेतलेले छायाचित्र या पद्धतीचा उत्तम नमुना होय. पुढे व्यवसायाच्या गरजेपोटी नादारच्या स्टुडिओनेही रूढ नाटकी सजावट स्वीकारली. त्याचा मुलगा पॉल नादार (१८५६–१९३९) याच्या काळात भूमिकेच्या वेशातील गायकांची चित्रे हा या संस्थेचा एक मोठा विभाग बनला. नादार स्टुडिओचा संग्रह फ्रेंच शासनाने १९५० मध्ये विकत घेतला.

लंडनमध्ये कामीय सिल्व्ही (१८३४–१९१०) या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५९ ते १८६८ या काळात सु. १७,००० व्यक्तींची छायाचित्रे घेतली. त्याच्या स्टुडिओच्या दैनिक नोंदवह्या लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जतन केलेल्या असून त्यांत प्रत्येक बैठकीची प्रत क्रमवार चिकटविलेली आहे. प्रसिद्ध गायिका व अनामिक गिऱ्हाईक यांना एकाच क्रमाने नोंदविणाऱ्या या वह्यांवरून कीर्तीचा व्यापार प्रत्यक्षात कसा चाले, याची चांगली कल्पना येते. म्यूनिकमधील राजछायाचित्रकार योझेफ आल्बेर्ट (१८२५–८६) याने व्हाग्‌नरच्या संगीतिकांतील गायकांची चित्रे घेतली. १० जून १८६५ रोजी ट्रिस्टान उंड इझोल्ड या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. तीतील नायक-नायिकेच्या भूमिका करणारे लूटव्हिख श्नोर फोन कारोल्सफेल्ट व त्याची पत्नी मालव्हिना यांचे वेशभूषेसह घेतलेले आल्बेर्टचे छायाचित्र विख्यात आहे. केवळ चार प्रयोगांनंतर, २१ जुलै १८६५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी लूटव्हिखचे निधन झाले. ज्या आवाजाने व्हाग्‌नरची अवघड रचना प्रथम पेलली, त्याची ऐकीव वर्णने तेवढी उरली. डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा मात्र या चित्राने दिला. १८७६ च्या बायरॉइट महोत्सवातील गायकांची आल्बेर्टने घेतलेली चित्रेही अशीच महत्त्वाची आहेत.

अमेरिकेत नेपोलियन सरोनी (१८२१–९६) हा या क्षेत्रातील अग्रणी होता. मूळचा शिळामुद्रक असलेल्या सरोनीने १८७१ पासून न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधील आपल्या स्टुडिओत रंगभूमीवरील कलावंतांना नाट्यपूर्ण अंगविक्षेपांसह उभे केले. प्रसिद्ध व्यक्तीला चित्रासाठी बसण्याबद्दल मोबदला द्यावयाचा आणि प्रतींच्या विक्रीतून तो भरून काढावयाचा, ही पद्धत त्याच्या काळात रूढ झाली. शतकाच्या अखेरीस एमे द्यूपाँ याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संगीतिकागृहाच्या गायकांची छायाचित्रे घेऊन ही परंपरा पुढे चालविली.

प्रयोग व छायाचित्र : ही चित्रे रंगभूमीच्या इतिहासग्रंथांतून प्रयोगाची दृश्ये म्हणून सर्रास छापली जातात. असा वापर दिशाभूल करणारा आहे. कलोडियनच्या ओल्या काचेवर प्रतिमा उमटण्यास स्टुडिओतील भरपूर उजेडातही काही सेकंद लागत. तेवढा वेळ निश्चल राहता यावे म्हणून व्यक्तीच्या मानेमागे लोखंडी आधार लावला जाई. वायुदीपांच्या प्रकाशात चाललेला प्रयोग टिपणे तर अशक्यच होते. म्हणून या चित्रांतील वेश बहुधा प्रयोगातील असला, तरी प्रकाश, नेपथ्य, सहकलावंत व हालचाल यांपैकी काहीही प्रयोगातील नसते.

याहून अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे या गायकांची तोंडे जवळजवळ नेहमीच मिटलेली आहेत. गाताना उघडलेले तोंड कित्येक सेकंद स्थिर ठेवले, तर चित्रात ते विद्रूप दिसे. शिवाय सभ्य व्यक्तिचित्राच्या तत्कालीन संकेतांतही ते बसत नसे. गाण्याची क्रिया वगळल्याशिवाय गायिकेचे चित्र होत नव्हते. तिची उणीव मग खुणांनी भरून काढली जाई : छातीवर ठेवलेला हात, वर वळविलेली दृष्टी, हातातील वाद्य किंवा स्वरलिपीचे पान. या खुणा चित्रकलेतून व कोरीव चित्रांतून आलेल्या होत्या. त्यांवरून विशिष्ट गायिकेच्या अभिनयाबद्दल अनुमान काढता येत नाही. प्रेक्षकांना कोणता भाव ओळखीचा होता, एवढेच त्या सांगतात. वेशभूषा, केशरचना, दागिने व भूमिकांची निवड यांविषयी मात्र ही चित्रे विश्वसनीय साक्ष देतात आणि त्या मर्यादेत त्यांचे मोल मोठे आहे.

ॲडेलिना पॅटी : या सर्व प्रवृत्ती ॲडेलिना पॅटी (१८४३–१९१९) या गायिकेच्या कारकीर्दीत एकत्र दिसतात. माद्रिदमध्ये जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या पॅटीने १८५९ मध्ये न्यूयॉर्कला आणि १४ मे १८६१ रोजी लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये पदार्पण केले. त्याच वर्षी सिल्व्हीने तिची मार्था या संगीतिकेतील भूमिकेच्या वेशात छायाचित्रे घेतली. अठरा वर्षांच्या या गायिकेचा चेहरा अल्पावधीत लंडनच्या चित्रविक्रेत्यांकडे मिळू लागला. पुढील चार दशके तिची चित्रे सतत निघत राहिली : कधी भूमिकेत, कधी किमती रत्नालंकारांसह, तर कधी वेल्समधील आपल्या वाड्यातील गृहस्वामिनी म्हणून. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेत तिला एका प्रयोगाचे ५,००० डॉलर मिळत. पेअर्स साबणाच्या जाहिरातीत तिचे नाव व शिफारस झळकली. गाण्याशी काही संबंध नसलेल्या वस्तूच्या विक्रीस गायिकेचे नाव उपयोगी पडावे, ही चेहऱ्याच्या दीर्घ प्रसाराची परिणती होती.

पॅटीचा आवाज मुद्रित झाला तो डिसेंबर १९०५ मध्ये, तिच्या वेल्समधील वाड्यातच. त्या वेळी ती बासष्ट वर्षांची होती. अशा रीतीने आज उपलब्ध आहे तो चेहरा अठराव्या वर्षापासूनचा आणि आवाज बासष्टाव्या वर्षाचा. ज्या तरुण कंठामुळे त्या चेहऱ्याला किंमत आली, तो ऐकण्याचा मार्गच उरलेला नाही. लिंडच्या बाबतीत तर असा उतारवयातील ध्वनीही उपलब्ध नाही. झां द रेस्के (१८५०–१९२५) या विख्यात गायकाची छायाचित्रे विपुल आहेत. त्याच्या आवाजाचे अवशेष मात्र मेट्रोपॉलिटनचा ग्रंथपाल लायनेल मॅपलसन याने १९०१ मध्ये रंगमंचाजवळ मुद्रित केलेल्या, आज अत्यंत अस्पष्ट ऐकू येणाऱ्या नळकांड्यांपुरतेच आहेत. या पिढीविषयीचे प्रचलित मत चित्रे पाहून व आठवणी वाचून बनलेले आहे, याची जाणीव अभ्यासकाने ठेवणे अगत्याचे ठरते.

स्त्रीदेह व वर्णभेद : या चित्रव्यापारात स्त्रियांची चित्रे प्रमुख होती आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी नेहमीच कलेच्या आदराची नव्हती. दिस्देरीने १८६४ च्या सुमारास ‘संगीतिकागृहाचे पाय’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक कार्ड प्रसिद्ध केले. पॅरिसच्या संगीतिकागृहातील नर्तकींच्या केवळ पायांची चित्रे कापून, एकत्र जुळवून ते केलेले होते. चेहरा विकून नाव होते. येथे नाव व चेहरा दोन्ही गाळून देहाचा भाग तेवढा विक्रीस ठेवला आहे. प्रमुख गायिकेला आपल्या चित्रांवर काही नियंत्रण ठेवता येई. समूहातील नर्तकीला ते शक्य नव्हते. प्रसिद्धीची उतरंड या एका कार्डात स्पष्ट दिसते.

याच्या उलट, जिथे रंगभूमीने दार बंद केले तेथे छायाचित्राने काही प्रतिष्ठा मिळवून दिली, असेही उदाहरण आहे. सिसिरेटा जोन्स (सु. १८६८–१९३३) या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने १८९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये गायन केले. तरीही वर्णामुळे तिला अमेरिकेच्या प्रमुख संगीतिकागृहांत भूमिका मिळू शकली नाही. १८९६ पासून एका फिरत्या मंडळीच्या करमणुकीच्या कार्यक्रमात, शेवटच्या भागात, ती संगीतिकांतील निवडक प्रवेश सादर करी. तिला चिकटविलेले ‘काळी पॅटी’ हे नाव गौराचे व अवमानाचे एकदमच होते. ते तिला रुचत नसे. तिच्या छायाचित्रांत उंची पोशाख व छातीवर ओळीने लावलेली पदके दिसतात. ही पदके तिला दौऱ्यांत मिळालेली होती. पॅटीच्या चित्रातील रत्ने मिळालेल्या यशाची द्योतक आहेत. जोन्सच्या चित्रातील पदके नाकारलेल्या हक्काचा दाखला देतात.

स्वामित्वाचा प्रश्न : प्रतींच्या मोठ्या विक्रीबरोबर चित्राचा मालक कोण, हा वाद उभा राहिला. फ्रान्समध्ये १८६२ साली मेयर व प्येरसाँ यांच्या खटल्यात छायाचित्राला कलाकृतीचे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय झाला. त्याच वर्षी ब्रिटिश कायद्याने छायाचित्रांना स्वामित्वहक्क दिला, तर अमेरिकेत १८६५ च्या कायद्याने तो मिळाला. या संदर्भातील सर्वांत गाजलेला खटला संगीतिकेशी अप्रत्यक्षपणे निगडित आहे. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या पेशन्स (१८८१) या विनोदी संगीतिकेत सौंदर्यवादी कवींची थट्टा होती. तिच्या अमेरिकेतील प्रयोगांना उठाव यावा म्हणून निर्माता रिचर्ड डॉयली कार्ट याने ऑस्कर वाइल्ड यास व्याख्यानांच्या दौऱ्यावर पाठविले. जानेवारी १८८२ मध्ये सरोनीने वाइल्डची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एकाच्या ८५,००० प्रती एका शिळामुद्रण कंपनीने परवानगीविना काढल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये सरोनीच्या बाजूने निकाल दिला : व्यक्तीची बैठक, वेश, छायाप्रकाश व भाव यांची योजना छायाचित्रकाराने केली असल्याने तोच त्या चित्राचा कर्ता होय.

हा निर्णय छायाचित्रणाच्या कलेला मान्यता देणारा म्हणून योग्यच गौरविला जातो. तथापि त्याचा दुसरा परिणाम दुर्लक्षित राहतो. चेहरा, भाव व अंगस्थिती यांचे श्रेय पूर्णतः कॅमेऱ्यामागील व्यक्तीकडे गेले. समोर उभ्या राहिलेल्या कलावंताने वर्षानुवर्षे कमावलेली अभिनयशैली ही जणू छायाचित्रकाराने मांडलेली सामग्री ठरली. गायकांच्या बाबतीत हे विशेष खटकते, कारण त्यांची भूमिकेतील मुद्रा ही बहुधा त्यांचीच निर्मिती होती.

मूल्यमापन : या छायाचित्रांमुळे संगीतिका राजदरबार व धनिक प्रेक्षक यांच्या वर्तुळाबाहेर पोहोचली, असे म्हटले जाते. ते अंशतःच खरे आहे. बाहेर पोहोचली ती गायिका. तिचे गाणे संगीतिकागृहातच राहिले. श्रवणाचा आनंद ज्यांना परवडत नव्हता त्यांना पाहण्याचा आनंद मिळाला, आणि त्यातून कलावंताशी आपुलकीचे नाते जडले. या नात्याची एक भीषण बाजू स्टॉकहोममध्ये २३ सप्टेंबर १८८५ रोजी दिसली. क्रिस्टिना निल्सन (१८४३–१९२१) ही गायिका हॉटेलच्या सज्जातून गाणार हे कळल्यावर प्रचंड जमाव लोटला आणि गाणे संपल्यानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत अनेक जण मृत्युमुखी पडले. तिकीट न घेता तो आवाज एकदा तरी ऐकावयास मिळावा, ही जमावाची इच्छा होती. चित्राने वाढविलेली ओढ चित्राने भागत नव्हती, हेच या घटनेवरून सूचित होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रिका सुलभ झाली. एन्रीको कारूसोच्या १९०२ मधील मिलान येथील मुद्रणांपासून आवाज स्वतःच बाजारात उपलब्ध झाला आणि चित्राकडे साहाय्यकाची भूमिका आली. चेहऱ्यावरून कलावंताला जवळचा मानण्याची सवय मात्र टिकून राहिली आणि पुढे चित्रपटाने ती कितीतरी पटींनी वाढविली. एकोणिसाव्या शतकातील ही लहान कार्डे त्या सवयीचा प्रारंभ दाखवितात. कलेच्या दृष्टीने त्यांतील बहुसंख्य चित्रे साचेबंद आहेत. नादारची प्रारंभीची आणि आल्बेर्टची काही चित्रेच या साच्यातून निसटतात. इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्यांचे महत्त्व वादातीत आहे. गायिका कशी गात होती, याचे उत्तर त्यांत शोधणे व्यर्थ होय. तिला न ऐकलेल्या समाजाने तिच्यात काय पाहिले, याचे उत्तर त्यांच्याइतके नेमके इतरत्र क्वचितच मिळते.